क्लेअर मतदारसंघ (१८०१–१९२२): ज्यांच्या मतांनी लढाई जिंकली, त्यांचंच मत गेलं. हा सौदा मान्य करायला हवा होता का?

माळरान (धागाकर्ता)

आयर्लंडवर इथे अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुतेक वेळा बटाट्याचा दुष्काळ नाहीतर १९१६ चा उठाव, या दोन ठिकाणीच घुटमळते. मला एका मतदारसंघाबद्दल बोलायचं आहे. काउंटी क्लेअर. पश्चिम किनाऱ्यावरचा, खडकाळ जमिनीचा, लहान लहान कुळांचा मुलूख. आयर्लंडची स्वतःची संसद बंद झाल्यावर १८०१ पासून लंडनच्या संसदेत या काउंटीला दोन जागा होत्या. १८८५ मध्ये तिचे पूर्व क्लेअर आणि पश्चिम क्लेअर असे दोन तुकडे झाले आणि १९२२ ला ते लंडनचे मतदारसंघ म्हणून कायमचे संपले.

१८२८ ची पोटनिवडणूक हा या मतदारसंघाचा सगळ्यात मोठा क्षण. इथले खासदार व्हेसी फिट्झगेराल्ड यांना मंत्रिपद मिळालं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मंत्री झाला की पुन्हा निवडून यावं लागे. माणूस वाईट नव्हता, कॅथलिकांच्या मागण्यांना त्याचा पाठिंबाही होता. तरी त्याच्यासमोर आयरिश कॅथलिकांचा नेता, बॅरिस्टर डॅनियल ओकॉनेल उभा राहिला. गंमत अशी की कॅथलिक माणसाने उभं राहू नये असा कायदा नव्हता. अडथळा होता तो शपथेचा. संसदेत बसायचं तर कॅथलिकांची मास (चर्चमधला प्रार्थनाविधी) ही मूर्तिपूजा आहे, पाखंड आहे, असं शपथेवर म्हणावं लागे. कोण कॅथलिक म्हणेल?

एनिस गावात पाच दिवस मतदान चाललं. उघड मतदान, सगळ्यांसमोर नाव सांगून. ओकॉनेल २०५७, फिट्झगेराल्ड ९८२. पुढच्या वर्षी, एप्रिल १८२९ मध्ये, सरकारला कॅथलिक मुक्तीचा, म्हणजे कॅथलिकांना संसदेत बसू देणारा, कायदा करावा लागला.

पण त्याच वेळी दुसरा कायदा झाला. आयर्लंडच्या काउंट्यांमध्ये मतासाठी चाळीस शिलिंगची अट होती, ती दहा पौंडांवर नेली, म्हणजे एकदम पाचपट. आयर्लंडभरचे मतदार सुमारे २,१६,००० होते, ते ३७,००० वर आले. ज्या कुळांनी जमीनदाराच्या डोळ्यांत डोळे घालून ओकॉनेलला मत दिलं, त्यांनाच बाहेर काढलं.

माझा प्रश्न सरळ आहे. ओकॉनेलने हे होऊ द्यायला नको होतं, असं मला फार वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

छान विषय. आधी तो चाळीस शिलिंगचा हिशेब उलगडून सांगा. जमीन मालकीची लागायची की खंडाने घेतलेली चालायची?

माळरान

@कोकणकडा, खंडाची चालायची, पण पट्टा हयातीचा हवा. म्हणजे 'अमुक अमुक माणसं जिवंत असेपर्यंत जमीन तुझ्याकडे' असा करार. खंड वजा जाता त्या जमिनीतून वर्षाला चाळीस शिलिंग सुटतात, असं शपथेवर सांगितलं की मत मिळे. १७९३ मध्ये कॅथलिकांना मताधिकार मिळाला, तेव्हा जमीनदारांनी हे हेरलं. जितकी कुळं तितकी मतं. म्हणून त्यांनी जमिनीचे तुकडे पाडून असे पट्टे वाटले. मतदानाच्या दिवशी जमीनदाराचा कारभारी कुळांना रांगेने घेऊन जायचा आणि ते मालक सांगेल ते नाव घ्यायचे. पुढची तीसेक वर्षं हे बहुतेक ठिकाणी असंच चाललं.

रानजाई

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत, आणि मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की हे अचानक घडलेलं नव्हतं. १८२५ मध्येही असाच प्रस्ताव आला होता: कॅथलिकांना मुक्ती द्या, बदल्यात चाळीस शिलिंगवाल्यांचं मत काढा आणि धर्मगुरूंना सरकारी पगार द्या. तेव्हा ओकॉनेलने त्याला होकार दिला होता. स्वतःच्याच लोकांनी झोडपल्यावर तो मागे फिरला. १८२६ मध्ये वॉटरफर्ड काउंटीत याच कुळांनी बेरेसफर्डसारख्या बलाढ्य घराण्याला पाडलं, तेव्हा कुठे त्याला त्यांची ताकद कळली. मग त्यांच्या रक्षणाच्या घोषणा सुरू झाल्या. आणि १८२९ ला परत येरे माझ्या मागल्या.

दर महिन्याला एक पेनी वर्गणी देऊन ओकॉनेलची संघटना, कॅथलिक असोसिएशन, कोणी उभी केली? याच लोकांनी. संसदेत बसायचा हक्क मिळाला तो बॅरिस्टर, व्यापारी, बड्या शेतकऱ्यांना. पेनी देणाऱ्याला काय मिळालं?

तळटीप

@रानजाई, तुमचा राग समजतो, पण तारखा बघा. दोन्ही विधेयकं एकत्र आली आणि १३ एप्रिल १८२९ ला त्यांवर राजाची सही झाली. तेव्हा ओकॉनेल सभागृहात नव्हताच! तो १५ मे ला पहिल्यांदा आत गेला, जुनी शपथ समोर ठेवली गेली आणि त्याने ती नाकारली. त्यातलं एक विधान खोटं आहे हे मला माहीत आहे आणि दुसरं मला पटत नाही, असं त्याने सांगितलं. नवा कायदा त्याच्या निवडणुकीनंतरचा, म्हणून तो त्याला लागू नाही, असा सभागृहाने निकाल दिला. माणसाला परत क्लेअरला पाठवलं. ३० जुलैला तो बिनविरोध निवडून आला.

म्हणजे ज्याच्याकडे मत नव्हतं, त्याने काय अडवायचं? अर्ज-विनंत्या केल्या, विरोध नोंदवला. सरकारचं म्हणणं होतं की दोन्ही मिळतील नाहीतर एकही नाही. राजा चौथा जॉर्ज शेवटपर्यंत आडवा पडलेला. गृहमंत्री पीलने ऑक्सफर्डची जागा सोडून पुन्हा कौल मागितला, तर तिथे तो हरला. इतकी नाजूक अवस्था असताना एक धागा ओढला असता, तर सगळंच उसवलं असतं.

रानजाई

@तळटीप, विरोध नोंदवणं वेगळं आणि एनिसला सभा भरवणं वेगळं. एका हाकेवर हजारो माणसं जमवणारा नेता होता तो. त्या वेळी ती हाक का दिली नाही, एवढंच माझं म्हणणं.

गोदाकाठ

जरा वेगळा धागा ओढतो. पंतप्रधान कोण होता तेव्हा? ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजेच आर्थर वेलस्ली, जो २३ सप्टेंबर १८०३ ला आमच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला. नंतर आडगाव, मग गाविलगड. हा माणूस जन्माने आयरिश, प्रोटेस्टंट जमीनदारांच्या घरातला. असईच्या रणभूमीवर मी शाळेपासून जातोय, पण त्याच वेलस्लीला क्लेअरच्या कुळांनी वाकवलं हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात तो असईनंतर थेट वॉटर्लूला जातो आणि तिथेच संपतो.

लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, या कायद्यावर बोलताना त्याने जे सांगितलं त्याचा आशय असा: माझं आयुष्य युद्धात गेलं आहे, त्यातही यादवीत, माझ्या देशात एक महिन्याची यादवी टळणार असेल तर मी प्राणही देईन. या कायद्यापायी त्याने मार्च १८२९ मध्ये लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलाचं द्वंद्वही केलं. पंतप्रधान असताना!

कोकणकडा

@गोदाकाठ, जबरदस्त! हे अजिबात माहीत नव्हतं. कोणाला लागलं का?

गोदाकाठ

नाही, कोणालाच नाही. वेलिंग्टनची गोळी बाजूने गेली, विंचिल्सीने हवेत झाडली आणि नंतर लेखी माफी मागितली.

भीमथडी

मला एक वेगळी शंका आहे. ही कुळं खरंच स्वतःच्या मनाने मत देत होती का? सगळी वर्णनं सांगतात की गावोगावचे धर्मगुरू त्यांना मोर्चाने एनिसला घेऊन आले. आधी जमीनदार सांगायचा, आता पाद्री सांगतोय. मत कुळाचं कधी झालं?

सोनचाफा

@भीमथडी, शंका रास्त आहे, पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. पाद्रीचं न ऐकलं तर गावात बोलणी बसतील, फार तर लोक वाळीत टाकतील. जमीनदाराचं न ऐकलं तर घर जाईल. खंडाची थकबाकी जवळजवळ प्रत्येकाचीच असायची आणि जमीनदार ती कधीही मागू शकत होता. तरीही भर कोर्टात, त्याच जमीनदाराच्या माणसासमोर, बाराशे-पंधराशे नाही तर दोन हजारांवर लोकांनी ओकॉनेलचं नाव घेतलं. मला तरी हे धाडस त्यांचं स्वतःचंच वाटतं.

आणखी एक. त्या दिवसांत एनिसमध्ये हजारोंची गर्दी होती आणि निवडणूक संपेपर्यंत दारूला शिवायचं नाही असा नेम लोकांनी पाळला. त्या काळच्या निवडणुकांत दारूचा पूर असायचा. सैन्य जवळ तयार ठेवलेलं होतं. दंगा झाला असता तर सरकारला आयतं निमित्त मिळालं असतं. ते त्यांनी दिलं नाही. नुसतं पाद्रीच्या धाकाने माणसं इतकी शिस्तीत राहत नाहीत.

शॅननकाठ

मी काही वर्षं या भागात राहतेय, म्हणून थोडी भर. एनिसच्या मधोमध उंच खांबावर ओकॉनेलचा पुतळा आहे. तो जुन्या कोर्टाच्या जागी उभा केलाय, म्हणजे १८२८ चा सगळा प्रसंग तिथलाच. नवं कोर्ट थोडं बाहेर आहे आणि त्याच्यासमोर १९१७ ला इथून निवडून आलेल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डी व्हॅलेराचा पुतळा. एकाच लहानशा गावात दोन निवडणुकांचे दोन पुतळे.

इथे येणारे आपले लोक क्लिफ्स ऑफ मोहेर बघून परत जातात. त्या कड्यावर जो दगडी बुरूज आहे, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, तो कॉर्नेलियस ओब्रायन नावाच्या जमीनदाराने १८३५ मध्ये बांधला. हा ओब्रायन क्लेअरचाच खासदार होता, १८३२ पासून १८४७ पर्यंत, आणि नंतर परत १८५२ पासून. जवळच लिस्कॅनरच्या बाजूला त्याच्या नावाचा एक स्मारकस्तंभही आहे. त्याचे पैसे त्याच्याच कुळांकडून उभे केले असं इथले लोक सांगतात. पुढच्या वेळी आलात तर तोही बघा, कड्यांपासून फार लांब नाही.

जुनी_वही

उघड मतदानाचा विषय निघालाच आहे तर १८५२ विसरून चालणार नाही. जुलै महिना, क्लेअरचीच निवडणूक. एका जमीनदाराची कुळं सैनिकांच्या पहाऱ्यात मतदानाला नेत होते. सिक्समाइलब्रिज गावात लोक आडवे आले. त्यांना वाटत होतं की या कुळांना जबरदस्तीने नेतायत. दगडफेक झाली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि सहा-सात माणसं मेली. मतपेटीत चिठ्ठी टाकायची सोय असती तर पहारा कशाला लागला असता? पण गुप्त मतदानाचा कायदा यायला १८७२ उजाडलं.

@माळरान, तुमच्या प्रश्नात १८२९ ला जे गेलं त्याचा हिशेब आहे. मला वाटतं त्यात हेही धरा की मत असूनही ते उघड द्यावं लागत होतं, तोवर मताची किंमत अर्धीच होती.

कोकणकडा

या धाग्यामुळे क्लेअरच्या खासदारांची यादी चाळत बसलो आणि वेळेचं भान राहिलं नाही. काय एकेक वल्ली!

जेम्स पॅट्रिक मॅहन, स्वतःला 'द ओगॉर्मन मॅहन' म्हणवून घेणारा. १८२८ ला ओकॉनेलच्या बाजूने एनिस दणाणून सोडणाऱ्या तरुणांत हा होता. १८३० मध्ये स्वतः क्लेअरमधून निवडून आला, पण लाचलुचपतीच्या तक्रारीवरून निवड रद्द झाली. मग जगभर भटकला, द्वंद्वांबद्दल प्रसिद्ध झाला. आणि १८७९ ला, म्हातारपणी, परत क्लेअरचा खासदार!

ती जागा रिकामी कशी झाली तेही ऐका. त्याआधी १८७७ मध्ये क्लेअरने सर ब्रायन ओलॉक्लेन यांना निवडलं होतं आणि ते ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या राजकारणात होते. ते लंडनला आलेच नाहीत!

१८८० मध्ये मॅहनच्या जोडीला दुसऱ्या जागेवर कोण? कॅप्टन विल्यम ओशे. याच्याच बायकोशी, कॅथरिनशी, आयरिश स्वराज्य पक्षाचा नेता पार्नेल याचं प्रेम जुळलं. १८९० च्या घटस्फोटाच्या खटल्यात पार्नेलचं नेतृत्व गेलं आणि पक्ष दुभंगला. आयर्लंडच्या स्वराज्याची गाडी ज्या प्रकरणावर अडली, त्यातला नवरा क्लेअरचा खासदार होता.

तळटीप

@कोकणकडा, यादीत आर्थर लिंचही घ्या. पश्चिम क्लेअर, १९०९ ते १९१८. जन्म ऑस्ट्रेलियातला. बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढला, राजद्रोहाबद्दल १९०३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती बदलून जन्मठेप, मग सुटका, मग माफी. आणि त्याच ब्रिटिश संसदेत खासदार. पहिल्या महायुद्धात तर ब्रिटिश सैन्याचा कर्नल!

रानजाई

पार्नेलचं नाव निघालं म्हणून. १९ सप्टेंबर १८८० ला तो एनिसमध्येच बोलला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यावर, दुकानात, बाजारात, चर्चमध्येसुद्धा कोणी बोलू नका, त्याला एकटा पाडा. पुढच्या काही आठवड्यांत मेयो काउंटीत जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर हाच प्रयोग झाला. त्याचं पीक काढायला अल्स्टरहून पन्नासेक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला जवळपास हजार सैनिक. १९०५ नंतर टिळकांनी बहिष्काराला चतुःसूत्रीत जागा दिली, ते हत्यार इथलंच.

मला यात १८२९ चं उत्तर दिसतं. मत काढून घेतल्यावर पन्नास वर्षांनी त्याच मातीतल्या कुळांनी मताशिवाय लढायची रीत शोधली.

भीमथडी

@रानजाई, हे आवडलं. पण १८८० ची कुळं म्हणजे १८२८ ची कुळं नव्हेत. मधे दुष्काळ होऊन गेलाय. त्यावर सविस्तर लिहितो, थोडा वेळ द्या.

गोदाकाठ

भीमथडी लिहीपर्यंत आपल्याकडचं एक सांगतो. वर वॉटरफर्डचा उल्लेख आला. पश्चिम वॉटरफर्ड या ग्रामीण मतदारसंघाचे खासदार आल्फ्रेड वेब, डब्लिनचे क्वेकर, १८९४ मध्ये मद्रासला भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्ष होते. आयरिश खेड्यांनी निवडलेला माणूस काँग्रेसच्या व्यासपीठावर! आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांनी होमरूल लीग काढली, तेव्हा नाव आयर्लंडचं घेतलं. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये उठाव झाला.

तळटीप

आणि त्या उठावाचा मोठा पडसाद परत क्लेअरमध्ये! पूर्व क्लेअरचे खासदार विली रेडमंड, होमरूलवाल्यांचे नेते जॉन रेडमंड यांचे धाकटे भाऊ. १८९२ पासून सलग निवडून येत होते. वयाच्या पन्नाशीनंतर सैन्यात भरती झाले आणि ७ जून १९१७ ला पहिल्या महायुद्धातल्या मेसिनच्या लढाईत पडले. सज्जन माणूस, विरोधकसुद्धा मान द्यायचे. त्यांच्या जागी पोटनिवडणूक लागली आणि नुकताच तुरुंगातून सुटलेला एमन डी व्हॅलेरा उभा राहिला. जुलै १९१७: डी व्हॅलेरा ५०१०, होमरूल पक्षाचे पॅट्रिक लिंच २०३५. होमरूल पक्षाचा काळ संपला हे त्या दिवशी कळलं.

एकाच काउंटीने नव्वद वर्षांच्या अंतराने दोन पोटनिवडणुकांत देशाची दिशा बदलली. दुसरं असं उदाहरण मला तरी आठवत नाही.

सोनचाफा

@तळटीप, त्याच्या पुढचं पान जास्त टोचतं. १९१८ ला मताधिकार एकदम वाढला. एकवीस वर्षांवरचे सगळे पुरुष आणि तिशीवरच्या पुष्कळशा बायका पहिल्यांदा मतदार झाल्या. १८२९ ला ज्यांच्या पणजोबांचं मत गेलं, त्यांच्या हाती ते परत आलं. आणि क्लेअरमध्ये काय झालं? पूर्व क्लेअरमधून डी व्हॅलेरा बिनविरोध, पश्चिम क्लेअरमधून ब्रायन ओहिगिन्स बिनविरोध. कोणी मतदानालाच गेलं नाही. १९२१ ला दोन्ही तुकडे जोडून चार जागांचा एक मतदारसंघ केला, तेव्हाही चौघे बिनविरोध.

मत मिळालं आणि ते द्यायची वेळच आली नाही. त्या बायकांना काय वाटलं असेल याचा मी खूप विचार करते.

शॅननकाठ

१९२३ ला मात्र जोरदार मतदान झालं. डी व्हॅलेराला एनिसच्या सभेत बोलताना नव्या आयरिश सरकारच्या सैनिकांनीच पकडलं आणि तो कोठडीतून मोठ्या फरकाने जिंकला. पुढे १९५९ ला राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत तो क्लेअरचाच प्रतिनिधी होता. डब्लिनच्या संसदेत आजही क्लेअर नावाचा मतदारसंघ आहे, त्यामुळे इथल्या लोकांना तो 'संपला' असं वाटतच नाही.

भीमथडी

आता मूळ प्रश्नाकडे. मत गेल्याने कुळांचं नेमकं काय गेलं, हे बघायला हवं.

मत होतं तोवर जमीनदाराला लहान कूळ हवं होतं, कारण ते एक मत होतं. १८२९ नंतर त्या कुळाचा जमीनदाराला राजकीय उपयोग संपला. उरली ती तुकडे पडलेली, कमी खंड देणारी जमीन. मग पट्टे संपले की नवे द्यायचे नाहीत, तुकडे एकत्र करायचे, गुरांसाठी कुरण करायचं, हे गणित सुरू झालं. दुष्काळात त्याला वेग आला. १८४७ च्या कायद्याने पाव एकरापेक्षा जास्त जमीन असलेल्याला सरकारी मदत बंद केली, म्हणजे पोटासाठी जमीन सोडा. क्लेअरच्या नैर्ऋत्येला किलरश भागात हजारो माणसांची घरं पाडली गेली. तिथला सरकारी निरीक्षक कॅप्टन आर्थर केनेडी याने त्याच्या नोंदी वरिष्ठांना पाठवल्या. १८४१ ला क्लेअरची लोकसंख्या सुमारे २,८६,००० होती, १८५१ ला २,१२,०००.

हे सगळं मत गेल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. बटाटा तर कुजणारच होता. पण उमेदवाराला ज्यांच्या दारात जावं लागतं, त्यांची घरं इतक्या सहज पाडता येत नाहीत. म्हणून @तळटीप, 'एकही मिळालं नसतं' हे मान्य करूनही मला वाटतं की जे दिलं त्याची खरी किंमत एनिसहून लंडनला गेलेल्या कोणाला कळलीच नव्हती.

तळटीप

@भीमथडी, नेमकं लिहिलंत. किंमत कळली नव्हती हे मान्य. पण कळली असती तरी १८२९ च्या मार्चमध्ये 'नको' म्हणायची ताकद कोणात होती? कॅथलिक असोसिएशन तर फेब्रुवारीतच बरखास्त केली होती.

माळरान

@तळटीप, माझा आक्षेप तिथेच आहे. असोसिएशन बरखास्त झाली ती सरकारने बंदी आणायच्या आधी, स्वतःहून. शस्त्र खाली ठेवून बोलणी केली. आणि ओकॉनेलने १८३० ला क्लेअर सोडलंच. आधी वॉटरफर्ड, मग केरी, मग डब्लिन शहर. त्याला त्या कुळांकडे परत मत मागायला जायची वेळ आली नाही. गेला असता, तर दारात उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं.

भीमथडी, किलरशवर स्वतंत्र धागा काढाल का? केनेडीच्या नोंदींवर इथे कोणी लिहिलेलं नाही.

भीमथडी

काढतो. दुष्काळाआधीची जमीनव्यवस्था पहिल्या भागात, नोंदी दुसऱ्या भागात.

रानजाई

वाट बघतेय. आणि @तळटीप, मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. त्याने एनिसला सभा घ्यायला हवी होती.